गळतीवर उभी राहिलेली शांतता

इंजिनाच्या आवाजाशी बहुतेक गाडीमालकांचा संबंध एवढाच असतो: आवाज आला की मिस्त्रीला बोलवायचं, आवाज गेला की पैसे द्यायचे. त्या आवाजात काही ऐकण्यासारखं आहे, त्याला लय आहे आणि त्या लयीवरून आत काय चाललंय ते उलगडता येतं, हे त्यांच्या गावीही नसतं. मला मात्र एका आवाजाची फार ओढ आहे. बरीच वर्षं उभी राहिलेली जुनी अमेरिकन गाडी पहिल्यांदा सुरू केली की रॉकर कव्हरच्या खालून येणारी ती कोरडी, बारीक, हट्टी टिकटिक. तिच्यामागचा भाग, म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट, मला विसाव्या शतकातल्या यंत्ररचनेचा अतिशय देखणा तुकडा वाटतो. गंमत अशी, की तो नीट चालत असतो तोवर त्याची दखल घ्यायला काही कारणच नसतं.

रसग्रहणाला नेमकी एक कृती समोर हवी, म्हणून शेव्हरोलेचं ३५० क्युबिक इंचांचं व्ही-८ घेऊ. या घराण्याचं मूळ इंजिन १९५५ सालचं, २६५ क्युबिक इंचांचं. एड कोल यांच्या देखरेखीखाली झालेलं. ३५० आलं १९६७ मध्ये, कॅमेरो गाडीतून. पुढे हे घराणं इतकं फोफावलं की २०११ साली त्याच्या इंजिनांची संख्या दहा कोटींवर गेली. आठ सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह आणि दोन ओळींच्या मधल्या दरीत एकच कॅमशाफ्ट. कॅमच्या प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट उभा, टॅपेटवर पुशरॉड, पुशरॉडवर रॉकर आणि रॉकरच्या दुसऱ्या टोकाखाली व्हॉल्व्ह. इथला रॉकर म्हणजे पत्रा दाबून केलेली एक साधी वाटी, मधल्या गोळ्यावर झुलणारी; कल्पना पाँटियाकच्या क्लेटन लीच या अभियंत्याची. रॉकरला ऑईल पोचवायला वेगळी नळी नाही. पुशरॉड पोकळ आहे आणि टॅपेटमधून निघालेलं ऑईल त्याच्याच पोटातून वर चढतं. म्हणजे या इंजिनात टॅपेट हा व्हॉल्व्ह उचलणारा गडी तर आहेच, शिवाय वरच्या मजल्याचा पाणक्याही तोच.

आपल्याकडच्या मिस्त्रींचा कान तयार झाला तो वेगळ्या टॅपेटवर. कुर्ल्याची फियाट काय किंवा अँबॅसडर काय, दोन्हींचे टॅपेट भरीव. धातू तापला की लांबतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये मुद्दाम फट ठेवायची. अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनात ती पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. फिलर गेजची पाती त्या फटीत सरकवून ‘टॅपेट सेटिंग’ करणं ही तर गॅरेजातल्या पोराची पहिली परीक्षा. अशा इंजिनात थोडी टिकटिक असणं निरोगीपणाचं लक्षण असतं. अगदीच आवाज नसेल तर जाणता मिस्त्री उलट दचकतो. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे, पण तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला आणि शेव्हरोलेचं हे व्ही-८ आलं पुढच्या वर्षी. त्यामुळे त्याची आणि इथल्या कानांची ओळख राहिली ती तुरळकच.

फट ठेवायची म्हणजे आवाज आलाच. प्रत्येक वेळी कॅम वर आला की आधी फट भरून निघणार, धातूवर धातू आपटणार आणि मगच व्हॉल्व्ह उघडणार. श्रीमंत गिऱ्हाइकाला हे नको होतं. कॅडिलॅकनं १९३० साली सोळा सिलिंडरांची गाडी काढली तेव्हा तिच्या इंजिनात ऑईलच्या दाबानं ही फट आपोआप मिटवणारी योजना घातली, कारण त्या गाडीची विक्रीच मुळी शांततेवर होणार होती. तीनच वर्षांनी पिअर्स-अ‍ॅरोनं ही करामत थेट टॅपेटच्या पोटात नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती हळूहळू सामान्य माणसाच्या गाडीत उतरली.

आता तो टॅपेट हातात घेऊ. जाडी इंचापेक्षा कमी, ०.८४२ इंच, उंची बोटाच्या दोन पेरांएवढी. वरची तारेची कडी काढली की पुशरॉडची वाटी निघते, तिच्याखाली एक पातळ चकती, मग प्लंजर, प्लंजरच्या बुडाशी इवलीशी गोळी आणि तिची केसासारखी स्प्रिंग, आणि सर्वांत खाली प्लंजरला वर लोटणारी मोठी स्प्रिंग. बस्स. गोळीचं काम शेतातल्या मोटारीच्या सक्शन पाइपाखालच्या फूटव्हॉल्व्हचं: ऑईल आत येऊ द्यायचं, मागे जाऊ द्यायचं नाही. कॅमची सपाट बाजू टॅपेटखाली असते तेव्हा स्प्रिंग प्लंजरला वर सारते, सगळी फट मिटते आणि प्लंजरखाली जी जागा मोकळी झाली तिच्यात गोळीवरून ऑईल शिरतं. कॅमचा उंचवटा आला की गोळी बसते, ऑईल कोंडलं जातं, आणि कोंडलेलं ऑईल दबत नाही. त्या क्षणी तो पोकळ टॅपेट भरीव टॅपेटसारखा वागतो. उंचवटा सरला की पुन्हा मऊ. इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत आरामात चालू असताना एकेक टॅपेट हे रूपांतर सेकंदाला जवळपास सहा वेळा करतो.

इथपर्यंत हुशारी आहे. खरी दाद द्यायची ती पुढच्या गोष्टीला. कोंडलेलं ऑईल पूर्ण कोंडलेलं नसतं. प्लंजर आणि टॅपेटची नळी यांच्यात काही मायक्रॉनचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं (माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो), आणि त्यातून दर उचलीला ऑईल किंचित झिरपतं. ही गळती म्हणजे रचनेचा दोष नव्हे, रचनेचा प्राण आहे. इंजिन तापलं, व्हॉल्व्ह लांबला, तर टॅपेटला तितकं आखूड व्हावं लागतं. गळती नसती तर तो आखूड होऊच शकला नसता आणि व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा राहिला असता. म्हणून कारखान्यात प्लंजर आणि नळी जोडीजोडीनं जुळवतात आणि ठरावीक वजनाखाली प्लंजर किती सेकंदांत खाली बसतो ते मोजतात. फार लवकर बसला तर टिकटिक, बसलाच नाही तर व्हॉल्व्ह जळणार. इतक्या स्वस्त, इतक्या मोठ्या संख्येनं निघणाऱ्या भागात इतका नाजूक तोल सांभाळला आहे, आणि तोही कुणाला दिसू नये अशा ठिकाणी. लाखो गाड्या त्यावर शांत चालल्या.

गाडी उभी राहते तेव्हा हाच तोल बिघडतो, आणि तो सोळा ठिकाणी सोळा तऱ्हांनी बिघडतो. इंजिन बंद पडताना काही व्हॉल्व्ह उघडे राहतातच. उघड्या व्हॉल्व्हची स्प्रिंग जवळपास ९० किलोंच्या जोरानं दाबत असते आणि रॉकरच्या दीडपट गुणोत्तरामुळे टॅपेटवर तो जोर आणखी वाढतो. काही तासांत त्या टॅपेटमधलं ऑईल झिरपून प्लंजर तळाला बसतो. शेजारचा, बंद व्हॉल्व्हचा टॅपेट मात्र भरलेलाच राहतो. पुढे वर्षं जातात. मागे उरलेल्या ऑईलची पातळ फिल्म वाळून तपकिरी वार्निश होते आणि काही मायक्रॉनच्या त्या अंतरात प्लंजरला धरून ठेवते. कुठे गोळीखाली गाळाचा कण अडकतो. कुठे दमट हवेनं कॅमच्या पृष्ठभागावर गंजाचे ठिपके उठतात. म्हणून अशा इंजिनाची टिकटिक एकसारखी नसते. ऐकणाऱ्याला प्रत्येक टॅपेटची वेगळी हकीकत ऐकू येते.

ऐकायचं कसं? लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरच्या एकेका जागी टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावायची. आपल्या मिस्त्रींचा हा जुना स्टेथोस्कोप अजून कुठल्याही यंत्रानं पुरता मागे टाकलेला नाही. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या लयीत चालते. कनेक्टिंग रॉडचा ठोका पूर्ण लयीत आणि जड. पण नुसत्या लयीवर विसंबू नये. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुंकत असेल तर तोही आवाज निम्म्या लयीतच येतो, आणि कॅमवर चालणारा जुना पेट्रोल पंपही त्याच लयीत वाजतो. मॅनिफोल्डची फूस गाडी तापल्यावर बहुधा कमी होते आणि सांध्यावर काजळीची रेघ सोडून जाते. तिच्यापायी टॅपेट उघडणारे महाभाग आहेत.

टॅपेटच्या आवाजात मात्र बारकावे आहेत आणि मला ते लावून ऐकायला आवडतात. सुरू केल्यावर काही सेकंद वाजून गप्प होणारी टिकटिक ही रिकामा टॅपेट भरतानाची, तिला दोष म्हणू नये. थंडीत वाजून तापल्यावर थांबणारी बहुतेक वार्निशची. याच्या उलट, थंड असताना शांत आणि ऑईल तापून पातळ झालं की सुरू होणारी टिकटिक झिजलेल्या प्लंजरची. तिथे साफसफाईनं फारसं साधत नाही. मधेच येणारी, मधेच जाणारी टिकटिक ऐकली की आधी डिपस्टिक पाहावी. ऑईल फार कमी असेल तर पंप हवा ओढतो, फार जास्त असेल तर क्रँक ते घुसळून फेस करतो. आणि फेस दबतो, त्यामुळे टॅपेट कधीच भरीव होत नाही. लयीत अजिबात न बदलणारा, थोडा बद्द आवाज सगळ्यात वाईट, कारण तो बहुधा कॅमचा उंचवटाच झिजल्याचा असतो.

आणि या सगळ्यांहून घातक टॅपेट तो, जो वाजतच नाही. वार्निशनं प्लंजर वरच्या बाजूला अडकला तर फट मुळी राहत नाही, आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह नीट बसतही नाही. त्या सिलिंडरचं कंप्रेशन पडतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असेल तर त्याची कड जळते. टिकटिक करणारा टॅपेट निदान प्रामाणिक असतो. म्हणून उभ्या गाडीचं इंजिन गप्प आहे म्हणून समाधान मानायचं नाही. कंप्रेशन गेज लावून पाहायचंच.

दुरुस्तीच्या क्रमातही एक सौंदर्य आहे, आणि ते संयमाचं आहे. गाडी सुरू करण्याआधी रॉकर कव्हर काढावं, स्पार्क प्लग काढावेत आणि क्रँकचा बोल्ट पान्यानं धरून इंजिन हातानं सावकाश फिरवत प्रत्येक व्हॉल्व्ह वरखाली होतो का ते पाहावं. जुन्या पेट्रोलच्या गोंदानं व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये चिकटलेली असेल आणि तशात स्टार्टर मारला, तर पुशरॉड वाकतो. मग जी टिकटिक येते तिचा दोष बिचाऱ्या टॅपेटवर जातो.

त्यानंतरची पायरी माझ्या सर्वांत आवडीची. या इंजिनात ऑईल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यानं फिरतो. डिस्ट्रिब्युटर उपसून काढायचा, त्याच्या जागी ड्रिल मशीनला लावलेला दांडा सोडायचा आणि इंजिन सुरू न करता नुसता पंप फिरवायचा. तो दांडा साधा चालत नाही; त्यावर डिस्ट्रिब्युटरच्या बुडासारखाच जाड कॉलर लागतो, कारण ऑईलच्या एका गॅलरीची भिंत मुळी डिस्ट्रिब्युटरच्या अंगानंच पुरी होते. कॉलर नसला तर ऑईल तिथेच सांडतं आणि एका बाजूचे टॅपेट उपाशी राहतात. ड्रिल आधी मोकळं फिरतं, मग एकाएकी जड होतं: पंपानं ऑईल पकडलं. दुसऱ्या कुणाकडून क्रँक पाव-पाव फेरा फिरवून घ्यायचा, म्हणजे प्रत्येक टॅपेटला कॅमच्या सपाट बाजूवर बसून भरायची संधी मिळते. थोड्या वेळानं एका रॉकरच्या भोकातून काळपट थेंब वर येतो, मग दुसऱ्याच्या, मग समोरच्या ओळीत. सोळाच्या सोळा रॉकर ओले झाले तर अर्धी लढाई जिंकली. जो एक रॉकर कोरडा राहील त्याच्या खालचा टॅपेट किंवा पुशरॉड तुंबलेला, हेही तिथेच कळतं. इंजिनानं एकही आवाज न करता दिलेलं हे निदान आहे.

मग ताजं ऑईल, नवा फिल्टर आणि इंजिन सुरू करून थोड्या चढ्या वेगावर पंधरा-वीस मिनिटं. दाबाचा काटा पाहत राहायचा. दर हजार फेऱ्यांना दहा पौंड हा जुना ठोकताळा इथे पुरेसा आहे. पुष्कळ टॅपेट एवढ्यावरच गप्प होतात. न झाले तर दोनतीनशे किलोमीटर गाडी चालवून पुन्हा ऑईल बदलावं. ऑईलमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ओतायचा एक लोकप्रिय तोडगा आहे. त्याची कीर्ती कर्तृत्वापेक्षा मोठी, कारण घाण सोडवणारी द्रव्यं त्यात इंजिन ऑईलपेक्षा कमीच असतात. आपल्याकडे रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन ‘धुण्याची’ चाल आहे, ती तर जुन्या इंजिनाच्या बाबतीत सरळ अघोरी: तळाशी शांत बसलेला गाळ एकदम सुटतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. टॅपेटची टिकटिक जाते आणि बेअरिंगचा ठोका येतो.

आता सेटिंग. भरीव टॅपेटला फट ठेवतात, हायड्रॉलिकला उलट थोडं दाबून ठेवतात. नट आवळत रॉकरचा सैलपणा शून्यावर आणायचा आणि मग साधारण एक फेरा जास्त. आटा इंचाला चोवीस, म्हणजे एका फेऱ्यात रॉकर १.०६ मिलिमीटर खाली येतो. पण तरफेमुळे प्लंजर त्याहून जास्त, पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास आत जातो आणि आपल्या चालीच्या साधारण मध्यावर उभा राहतो. दोन्ही बाजूंना हालायला जागा. शून्य ओळखण्यासाठी पुशरॉड बोटांत फिरवत राहायची पद्धत सर्रास सांगतात, पण टॅपेट रिकामा असेल तर ती फसवते. बोटांना अडथळा जाणवेपर्यंत प्लंजर कितीतरी दबलेला असतो. पुशरॉड वरखाली हलवून सैलपणा पाहावा. क्रँकच्या फक्त दोन स्थितींत सोळाही व्हॉल्व्ह उरकतात: एक नंबर सिलिंडर पेट घेण्याच्या जागी असताना आठ, सहा नंबर तिथे आल्यावर उरलेले आठ. या मांडणीची सफाई पाहूनच आनंद होतो.

शेव्हरोलेच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये चालू इंजिनावर सेटिंग करायची रीतही आहे, आणि तिच्यातली एक सूचना मला अवघ्या पुस्तकाचा अर्क वाटते. रॉकर वाजेपर्यंत नट सैल करायचा, आवाज नेमका थांबेल तिथवर आवळायचा, आणि तिथून पाव फेरा देऊन दहा सेकंद थांबायचं. पुन्हा पाव, पुन्हा दहा सेकंद, असा एक फेरा पुरा करायचा. त्या दहा सेकंदांत काय होतं? आवळल्याबरोबर व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, इंजिन अडखळतं; मग जादा ऑईल त्या काही मायक्रॉनच्या वाटेनं झिरपतं, टॅपेट आखूड होतो, व्हॉल्व्ह बसतो आणि इंजिन सावरतं. ती गळती कानांनी ऐकायची याहून चांगली जागा नाही. घाईत एक फेरा सरळ मारणाऱ्याला ती कधीच ऐकू येत नाही. या कामात ऑईल अंगावर उडतं, हेही सांगून ठेवतो.

कव्हर काढून इंजिन चालतं आहे तोवर पुशरॉडकडे नीट पाहावं. ते वरखाली होता होता स्वतःभोवती सावकाश फिरतात. टॅपेटचं बूड वरवर सपाट दिसलं तरी त्याला अगदी किंचित फुगीरपणा असतो आणि कॅमच्या उंचवट्याला किंचित उतार. त्या दोहोंमुळे टॅपेट फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. जो पुशरॉड फिरत नाही त्याच्याखालचा कॅम गेला किंवा जाण्याच्या बेतात आहे. इथे ऑईलचाही वाटा आहे. असे फिरते टॅपेट ज्या झिंक-फॉस्फरसच्या द्रव्यावर जगतात, त्यानं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून २००४ पासूनच्या पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑईलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणला गेला. नव्या गाडीसाठी योग्य, जुन्या कॅमसाठी अपुरं. जुन्या इंजिनासाठी म्हणून वेगळं बनवलेलं ऑईल घ्यावं.

एवढ्यावरही एखादा टॅपेट वाजतच राहिला तर इनटेक मॅनिफोल्ड उतरवून तो बाहेर काढण्यावाचून इलाज नाही. बाहेर येतानाच तो अडला, तर बुडाजवळ साचलेलं वार्निश आधी विरघळवावं. पकडीनं उपटू नये. सोळा खणांचा पुठ्ठा करून प्रत्येकाचा नंबर लिहावा. एका वेळी एकच टॅपेट खोलावा, कार्ब्युरेटर क्लीनरनं धुवावा आणि त्याचाच प्लंजर त्याच्याच नळीत परत बसवावा, कारण ती जोडी काही मायक्रॉनवर जुळवलेली आहे. बूड प्रकाशात धरून पाहावं: चकचकीत आणि किंचित फुगीर असेल तर त्याला आणखी पुष्कळ आयुष्य आहे, खळगा किंवा गंजाचे खड्डे असतील तर कॅमही गेला असं धरून चालावं.

ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी उभी आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, की टिकटिक ऐकल्याबरोबर नव्या टॅपेटची ऑर्डर देऊ नका. ड्रिल, ताजं ऑईल आणि थोडा वेळ यांनी बहुतेक वेळा काम भागतं. जुना टॅपेट परत घालायचा तो ज्या उंचवट्यावरून काढला त्याच्यावरच. कॅमशाफ्ट नवा घ्यावाच लागला, तर त्याच्यासोबत सोळाही टॅपेट नवे घ्यायचे, आणि पहिली वीस मिनिटं इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचं नाही.